अवकाशातली किलबिल नेमकं कोण ऐकतं?

२०२० च्या जानेवारीत एक व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. ‘सूर्यातून ओमचा आवाज येतो, नासाने तो रेकॉर्ड केलाय.’ आमच्या फॅमिली ग्रुपवर तो बाबांनी टाकला. मी तेव्हा नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो, इंजिनिअरिंगची डिग्री अजून गरम होती. सगळ्या काका-मावश्यांसमोर मी लिहिलं, ‘बाबा, हे फेक आहे. फॉरवर्ड करण्याआधी जरा बघत जा.’ बाबांनी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने व्हिडिओ डिलीट झालेला दिसला. त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी ग्रुपवर ‘शुभ सकाळ’सुद्धा टाकलं नाही.

मागच्या दिवाळीत मिरजेला घरी गेलो होतो. जेवणं झाल्यावर मी माझे हेडफोन बाबांच्या कानाला लावले आणि मला फार आवडणारी एक क्लिप ऐकवली. पहाटे झाडावर पाखरं जागी व्हावीत तसा आवाज. खालून वर चढणाऱ्या छोट्या छोट्या शिट्ट्या, एकात एक मिसळलेल्या.

‘पक्षी आहेत,’ बाबा म्हणाले.

‘नाही. हे पृथ्वीपासून हजारो किलोमीटर वर, एका यानाने टिपलंय. नासाचं आहे.’

बाबांनी हेडफोन काढून नीट घडी करून माझ्या हातात दिले. ‘म्हणजे माझा सूर्य खोटा आणि तुझे पक्षी खरे. हे कसं काय, सांग बरं.’

ते चिडलेले नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘हे खरं सायन्स आहे’ एवढंच म्हणता आलं असतं, पण तेच तर त्या ओमवाल्या व्हिडिओवरही लिहिलेलं होतं.

म्हणून हा लेख. ‘अवकाशाचे आवाज’ म्हणून आपल्या फोनवर जे येतं, त्याकडे आपण सिनेमा किंवा गाण्याकडे बघतो तसं समीक्षेच्या नजरेने बघतच नाही. एकतर भारावतो, नाहीतर फेक म्हणून मोकळे होतो. मी मधलं काहीतरी करून बघणार आहे.

आधी बाबांची बाजू

खरं सांगायचं तर पहिली फेरी बाबा जिंकतात.

सूर्याच्या पोटात खरोखरच ध्वनिलहरी असतात. ध्वनी म्हणजे दाबाच्या लाटा, आणि सूर्याच्या वायूत त्या सतत इकडून तिकडे फिरत असतात. त्यामुळे सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत वर-खाली होतो. सोहो यानाच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी याचा आवाज बनवला, पण त्यासाठी डेटा सुमारे ४२ हजार पट वेगाने पळवावा लागला. तेव्हा कुठे ती घुमणारी गुणगुण कानाला ऐकू आली. म्हणजे मूळ गोष्ट ध्वनीच आहे, फक्त आपल्या कानाच्या खूप खालची.

माझ्या पक्ष्यांचं उलटं आहे. त्याला शास्त्रज्ञ ‘कोरस’ म्हणतात आणि तो ध्वनी नाहीच. त्या लहरी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राच्या आहेत, रेडिओच्या जातीच्या, अवकाशातल्या अतिविरळ प्लाझ्मातून जाणाऱ्या. तिथे कान घेऊन उभं राहिलात तर काही ऐकू येणार नाही. पण त्यांची कंपनं सेकंदाला काही शे ते काही हजार, म्हणजे बरोबर आपल्या कानाच्या पट्टीत. व्हॅन ॲलन प्रोब्ज नावाची दोन जुळी यानं ३० ऑगस्ट २०१२ ला सुटली. त्यांच्यावरचं आयोवा विद्यापीठाचं उपकरण दर सेकंदाला ३५ हजार वेळा क्षेत्र मोजू शकायचं. ते आकडे जसेच्या तसे स्पीकरला दिले की पाखरं ऐकू येतात. वेग वाढवायचा नाही, सूर बदलायचा नाही.

म्हणजे एक ध्वनी आहे पण ऐकू येणारा नाही, आणि दुसरं ऐकू येण्याजोगं आहे पण ध्वनी नाही. ‘तुमचं फेक, माझं खरं’ असं सरळ भांडण इथे उभंच राहत नाही.

मग ओमच्या व्हिडिओत चुकलं काय? त्यात सूर्याच्या नोंदीच्या नावाखाली दुसराच आवाज आणि दुसराच अर्थ विकला होता. पण नावं ठेवण्याची हौस शास्त्रज्ञांनाही आहेच. ‘कोरस’ हेही त्यांनी वरून चिकटवलेलं नाव आहे. शिवाय २०२२ मध्ये गाजलेली कृष्णविवराची क्लिप आठवा. तिथला सूर ५७-५८ सप्तकं वर चढवलेला होता. सप्तकं. हार्मोनियमवर आपल्याला मोजून तीन-साडेतीन मिळतात.

तेव्हा अशी क्लिप समोर आली की मी आता दोन प्रश्न विचारतो. एक, मूळ नोंदीचं काय काय केलं? आणि दोन, ऐकून काय कळलं? पहिल्या प्रश्नात कोरसची क्लिप पैकीच्या पैकी मार्क घेते. दुसऱ्यात ती नापास होते, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे.

ऐकून कळतं, याचा पुरावा

कानाने विज्ञान होत नाही असं मला म्हणायचं नाही. या क्षेत्राची सुरुवातच कानाने झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकत असताना तारांवर विचित्र शिट्ट्या यायच्या. वरून खाली घसरत जाणाऱ्या. तेव्हा कारण सापडलं नाही. १९५३ मध्ये केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी ते उलगडलं. वीज कडाडते तेव्हा सगळे सूर एकाच क्षणी निघतात. त्यातला काही भाग पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला धरून अवकाशात उंच जातो आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतो. वाटेत उंच सूर आधी पोचतात, खालचे मागे रेंगाळतात. म्हणून कडकडाटाची शिट्टी होते.

शिट्टी किती लांबली यावरून स्टोरींनी सांगितलं की त्या वाटेवर, हजारो किलोमीटर उंचीवरही, प्लाझ्मा असला पाहिजे. तेव्हा एकही उपग्रह उडालेला नव्हता. आवाज होता, त्याचा आकार होता, आणि त्या आकारातून एक गोष्ट कळली. माझी कसोटी ही आहे.

जे ऐकू येत नाही ते पात्र

आता कोरसची क्लिप परत लावा. छान वाटतं, बरोबर? पण त्यात काय घडतंय? क्लिप फक्त लहर ऐकवते. लहर ज्याच्याशी झुंजते तो इलेक्ट्रॉन त्यात नाही. तबल्याचा ट्रॅक म्यूट करून जुगलबंदी ऐकल्यासारखं आहे हे.

इलेक्ट्रॉन राहतो कुठे ते आधी बघू. १९५८ मध्ये एक्स्प्लोरर-१ वर जेम्स व्हॅन ॲलन यांनी गायगर काउंटर पाठवला होता. ठराविक उंचीनंतर त्याचा आकडा शून्यावर यायचा. कारण मोठं मजेशीर निघालं. तिथे कण इतके होते की काउंटर गुदमरून मोजणंच सोडत होता. सर्व्हर लोडखाली झोपला की ग्राफवर शून्य दिसतं आणि नवखा माणूस म्हणतो ‘ट्रॅफिक नाही’, तसंच.

पृथ्वीभोवती भारित कणांचे दोन मोठे पट्टे आहेत, आतला आणि बाहेरचा. बाहेरच्या पट्ट्यातला १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ९४ टक्के वेगाने पळतो. तो एकाच वेळी तीन नाच करतो. चुंबकीय रेषेभोवती सेकंदाला हजारो गिरक्या. त्याच रेषेवर उत्तर-दक्षिण येरझारा, एकेक सेकंदाच्या आत. आणि सावकाश सरकत दहा-पंधरा मिनिटांत अख्ख्या पृथ्वीला प्रदक्षिणा.

बाहेरून काही छेडछाड झाली नाही तर हे असंच चालू राहील. छेडछाड करायची तर यातल्या एखाद्या लयीला नेमकं धरावं लागतं. कोरस तेच करतो. पृथ्वीच्या केंद्रापासून पाच पृथ्वी-त्रिज्यांवर, विषुववृत्तावर गिरकीची मूळ वारंवारता साधारण ७ हजार हर्ट्झ येते. कोरस तिच्या एक दशांशापासून निम्म्यापर्यंत बहुतेक असतो, म्हणजे साधारण ७०० ते ३५०० हर्ट्झ. कानाला पाखरं का ऐकू येतात त्याचं कारण हे आहे. पाखरांचा सूर पृथ्वीच्या चुंबकाने ठरवलेला आहे.

पण लहरीचा सूर गिरकीपेक्षा कमी, मग जुळणार कसं? इथे स्टेशनवर उभं राहून समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न आठवा. गाडी आणि आपण एकमेकांकडे निघालो की सूर चढलेला लागतो. लहरीच्या तोंडावर पळणाऱ्या इलेक्ट्रॉनलाही ती चढलेली भासते. ठराविक वेगाच्या इलेक्ट्रॉनला ती बरोबर आपल्या गिरकीइतकी भासते. लहरीचं क्षेत्रही त्याच्याच दिशेने गोल फिरत असतं. म्हणजे त्याच्यापुरतं ते क्षेत्र जणू थांबलेलं असतं, आणि एकाच बाजूला सतत ढकलत राहतं. हा अनुनाद. कुणी अनुस्पंदन म्हणतं, पण मला अनुनाद आवडतो, कारण त्यात नाद आहे.

मिरजेच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. सतारमेकर गल्लीत कुठल्याही दुकानात बसलात तर कारागीर वरची तार छेडतो आणि खालची तरफेची तार आपोआप बोलते. सगळ्या नाही बोलत. जी जुळलेली असते तीच.

फरक पुढे आहे. तरफेची तार बोलून गप्प होते, पुन्हा होती तशीच राहते. इलेक्ट्रॉन तसाच राहत नाही. ऐकल्यामुळे तो बदलतो. ढकल कुठल्या क्षणी बसली त्यावर तो ऊर्जा मिळवतो किंवा गमावतो, आणि त्याच्या गिरकीचा कोन बदलतो. कोन फार अरुंद झाला तर उत्तर-दक्षिण येरझाऱ्यांत तो परत फिरण्याआधीच वातावरणात घुसतो आणि संपतो.

आणि ऊर्जा येते कुठून? सूर्यवाऱ्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवलं की रात्रीच्या बाजूने काही दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे असंख्य इलेक्ट्रॉन आत फेकले जातात. तेच कोरसला जन्म देतात. असंख्य छोट्यांच्या खिशातून थोडं थोडं काढून लहर वाढते, आणि तीच लहर मोजक्या मोठ्यांना आणखी मोठं करते. ओळखीचं वाटलं ना? मला तर त्या किलबिलीत आता हाच व्यवहार ऐकू येतो.

वाढवणारा सूर, संपवणारा सूर

हे सगळं नुसतं छान गणित नाही, हे यानांनी पाहिलेलं आहे. ऑक्टोबर २०१२ च्या चुंबकीय वादळात बाहेरच्या पट्ट्यातले अतिवेगवान इलेक्ट्रॉन अर्ध्या दिवसाच्या आसपास शेकडो पटींनी वाढले. प्रश्न होता, ते बाहेरून आत ढकलले गेले की तिथेच तयार झाले? तळ्यात बाहेरून पाणी येत असेल तर काठाला ते जास्त दिसेल. मध्येच झरा असेल तर मध्ये. २०१३ मध्ये जेफ्री रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फुगवटा पट्ट्याच्या मध्यात होता. त्याच वर्षी रिचर्ड थॉर्न यांच्या गटाने हिशोब मांडला की तो झरा कोरस चालवू शकतो.

दुसरी लहर आहे ‘हिस’. पृथ्वीजवळच्या दाट प्लाझ्मात ती असते. ऐकायला जुन्या टीव्हीवर चॅनल गेल्यावर यायची तशी खरखर. तिचं काम उलटं. ती इलेक्ट्रॉनांचा कोन हळूहळू बदलून त्यांना वातावरणात सांडवते. आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्याच्या मध्ये जी रिकामी जागा आहे ती मुख्यतः तिने साफ ठेवलेली. आणि २००८ मध्ये जेकब बोर्टनिक व सहकाऱ्यांनी दाखवलं की या खरखरीचा उगम कोरसमध्येच असू शकतो. बाहेरचा कोरस भटकत आत शिरतो, अडकतो, आणि त्याची खरखर होते.

म्हणून वादळ आलं की इलेक्ट्रॉन वाढतीलच असं नाही. १९८९ ते २००० मधल्या २७६ वादळांचा हिशोब २००३ मध्ये आला. सुमारे निम्म्या वेळा ते वाढले, साधारण पाचांत एकदा घटले, बाकी वेळा फारसा फरक पडला नाही. वाढवणारे आणि सांडवणारे सूर एकाच वेळी चालू असतात. निकाल दोघांच्या हिशोबाचा असतो.

आपल्याला काय त्याचं? टीव्हीचे आणि हवामानाचे उपग्रह, आपल्या नाविकचेसुद्धा, ज्या ३६ हजार किलोमीटरच्या उंचीवर असतात, ती जागा याच बाहेरच्या पट्ट्याच्या कडेला येते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ हे उपग्रह एकापाठोपाठ भरकटले. वेगवान इलेक्ट्रॉन आत घुसून साठले आणि ठिणगी पडली, असं निदान झालं. पहिला काही तासांत सावरला, दुसऱ्याला परत कामावर आणायला महिने लागले.

गुरू ग्रहावर हेच सगळं राक्षसी प्रमाणात आहे. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने तिथेही कोरस टिपला. पुढे गेलेल्या जुनो यानाचं इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या तिजोरीत बसवावं लागलं.

रायली, किराणा आणि एक हुकलेली संधी

या लहरींवर सगळ्यांत मोठी कलाकृती म्हणजे टेरी रायली यांची ‘सन रिंग्ज’. नासाच्या कला विभागाच्या पुढाकाराने झालेली, क्रोनोस क्वार्टेटसाठी लिहिलेली, ऑक्टोबर २००२ मध्ये आयोवा विद्यापीठात पहिल्यांदा वाजलेली. अल्बम २०१९ मध्ये आला. दहा भाग, सव्वा तासाहून जास्त. त्यात मिसळलेले अवकाशाचे आवाज डॉन गर्नेट यांचे. गर्नेट हे व्हॅन ॲलन यांचे विद्यार्थी, व्हॉयेजरवरचं लहरी मोजणारं उपकरण त्यांचं. १९६० च्या दशकापासून त्यांनी हे आवाज टेपवर जमवले होते.

मी हा अल्बम ऐकला तो रायलींच्या एका माहितीमुळे. हे अमेरिकन संगीतकार १९७० मध्ये पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे. आणि किराणा म्हटलं की मिरजेच्या माणसाचे कान टवकारतातच, कारण अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या गावचे होऊन राहिले. एका भागाच्या नावात चक्क ‘सिंदूरी’ आहे.

त्यामुळे अपेक्षा फार होती. स्वर लागेपर्यंत थांबायचं, तंबोऱ्यात तो विरघळला की पुढे जायचं, हे किराण्यात मुरलेल्या माणसाला अनुनाद शिकवायला नको. आणि एका भागाचं नावच आहे ‘द इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन फ्रीक्वेन्सी पार्लर’. सायक्लोट्रॉन फ्रीक्वेन्सी म्हणजे तीच ती गिरकीची वारंवारता, जिच्यावर इलेक्ट्रॉनचं भवितव्य ठरतं.

चांगलं आधी सांगतो. रायलींनी आवाजांना गोड केलं नाही. खरखर खरखरच राहिली. व्हायोलिन काही ठिकाणी थांबतात, शिट्टी येऊ देतात आणि मग उत्तर दिल्यासारखे येतात. ते क्षण खरंच सुंदर आहेत. रचना चालू असताना ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला आणि तिची दिशा बदलली. शेवटच्या भागात लेखिका ॲलिस वॉकर यांच्या आवाजात एक पृथ्वी, एक माणूसजात, एक प्रेम असा जप येतो. त्या वर्षी एखाद्या कलावंताला तेच म्हणावंसं वाटलं, यात नवल नाही.

पण माझी अडचण अशी. माझ्या कानांना तरी या रचनेत सगळ्या अवकाश-आवाजांचं काम एकच आहे, दूरच्या गूढाचा माहोल तयार करणं. कोरसच्या जागी हिस टाकला तर रचना तशीच उभी राहील असं मला वाटतं. आणि पट्ट्यांमध्ये तर त्या अदलाबदलीने सगळंच बदलतं. एक वाढवतो, दुसरा सांडवतो. पार्लरमध्ये फ्रीक्वेन्सी आहे, इलेक्ट्रॉन नाही. विश्व माणसाशी बोलतंय असं रायली ऐकतात. खरं तर तिथे माणसाशी कुणी बोलत नाहीये. तिथला श्रोता इलेक्ट्रॉन आहे, आणि ऐकण्याची किंमत त्याला मोजावी लागते.

इथे मला ओमचा व्हिडिओ पुन्हा आठवला. रायलींची प्रामाणिक कलाकृती आणि तो खोटा व्हिडिओ एका पारड्यात टाकायचे नाहीत. पण दोन्हीकडे श्रोता म्हणून फक्त माणूसच बसलेला आहे. आणि नासाच्या त्या सुंदर क्लिपमध्येही.

माझा फसलेला प्रयोग

टीका करणं सोपं, म्हणून एका शनिवार-रविवारी करूनही बघितलं. या यानांचा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. कल्पना अशी की डाव्या कानात कोरस, उजव्या कानात इलेक्ट्रॉनांची संख्या, सुराच्या रूपात. लहर वाजते आणि इलेक्ट्रॉन चढतात, असं थेट ऐकू यावं.

नाही जमलं. कोड चालला, पण गोष्ट बसली नाही. कोरसची एक शिट्टी सेकंदाच्या काही अंशात संपते. इलेक्ट्रॉन वाढायला तास लागतात. अर्धा दिवस एका मिनिटात बसवायचा तर ७२० पट वेग लागतो. म्हणजे २ हजार हर्ट्झची शिट्टी साडेचौदा लाख हर्ट्झच्या जवळ जाते. तो आकाशवाणीच्या मध्यम लहरींचा पट्टा झाला. कानाला काहीच ऐकू येणार नाही.

पण या अपयशाने मला क्लिपपेक्षा जास्त शिकवलं. एकेका शिट्टीने इलेक्ट्रॉन सहसा थोडाच हलतो. तासन्‌तास, लाखो शिट्ट्यांनी, थोडं पुढे थोडं मागे होत तो मोठा होतो किंवा संपतो. काही वेळा मात्र उडी मोठी असते. आपल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्स लखिना आणि अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी यांनी २०१० मध्ये गणित करून दाखवलं की कोरसच्या एका बारीक तुकड्याशी एकदाच गाठ पडली तरी इलेक्ट्रॉनचा कोन काही अंशांनी बदलू शकतो. पुणे-मुंबई करताना पनवेलवरून मी किती वेळा गेलोय. आणि या विषयातलं मराठीत माझ्यापर्यंत पोचलं काय, तर ‘अवकाशात घुमतो पक्ष्यांचा किलबिलाट’ अशा मथळ्याची बातमी.

दाखवायचंच असेल तर एक वाट आहे. उत्तर ध्रुवाजवळ काही रात्री आकाशात प्रकाशाचे ठिपके दर काही सेकंदांनी उजळतात आणि विझतात. लुकलुकणारा अरोरा. २०१८ मध्ये जपानच्या अरासे उपग्रहाच्या नोंदींतून सातोशी कासाहारा व सहकाऱ्यांनी दाखवलं की वर कोरस वाजतो, इलेक्ट्रॉन सांडतात, आणि खाली ठिपका उजळतो. दोन्हींची लय एक. आवाजाशेजारी तो प्रकाश ठेवला तर श्रोता कोण ते न सांगता कळेल.

बाबांना दिलेलं उत्तर

हे सगळं लिहून झाल्यावर परवा बाबांना फोन केला. म्हटलं, ‘बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तुमचा सूर्य खोटा नव्हता, त्यात खरंच ध्वनी असतो. व्हिडिओतला आवाज त्याचा नव्हता. आणि माझे पक्षी खरे आहेत, पण पक्षी नाहीत, आवाजसुद्धा नाही. मी तुम्हाला अर्धीच गोष्ट ऐकवली होती.’

मग तरफेच्या तारेवरून सुरू करून इलेक्ट्रॉनपर्यंत आलो. अर्धा तास लागला. मध्ये त्यांनी एकदाच अडवलं. ‘म्हणजे जो जुळला, त्यालाच त्रास?’

‘किंवा त्यालाच बळ,’ मी म्हणालो. ‘कुठल्या क्षणी गाठ पडली त्यावर.’

‘हं,’ एवढंच म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी फॅमिली ग्रुप उघडला आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की २०२० मध्ये बाबांना मी जे सुनावलं ते अर्धवट माहितीवर होतं आणि तसं बोलायला नको होतं. मावशीने अंगठा दिला. सकाळी उठून बघतो तर बाबांचा मेसेज. कोरसची क्लिप त्यांनी ग्रुपवर टाकली होती आणि खाली स्वतः टाइप केलं होतं:

‘हे पक्षी नाहीत. काय आहे ते ज्याला ऐकायचं असेल त्याने मला फोन करावा.’